कोल्हापुरात शहरी गरिबी आणि विषमतेवर सत्रभराची इंटर्नशिप: वस्ती, नमुना आणि प्रश्नावली कशी ठरवावी?

सत्र_दोन_अर्थशास्त्र

नमस्कार. एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं सत्र. ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट आहेत, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला १२० तास. चौघांचा गट आहे आणि एका सामाजिक संस्थेबरोबर काम करायचं आहे. विषय मिळाला आहे "कोल्हापूर शहरातील गरिबी व विषमता". मार्गदर्शकांचं म्हणणं, किमान २०० प्रश्नावल्या भरून आणा.

अडचणी अशा. वस्ती कशाच्या आधारावर निवडायची? राजेंद्रनगर, सदर बाजार, विचारे माळ, सुभाषनगर, सगळीच नावं पुढे येतात. २०० घरं १२० तासांत खरंच होतात का? आणि लोकांना उत्पन्न विचारलं की एक तर उत्तर मिळत नाही, नाहीतर सगळ्यांचं एकच उत्तर येतं, असं सीनियर सांगतात. मग मोजायचं काय? ज्यांनी असं काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी नेमकं सांगावं.

मोजणीची_वही

२०० चा आकडा आधी डोक्यातून काढा. तासांचा हिशोब मांडून मार्गदर्शकांपुढे ठेवा, तेही मान्य करतील.

घरी जाताना दोघांनी जायचं. एकानं बोलायचं, एकानं लिहायचं. एकटा माणूस विचारत विचारत लिहायला लागला की समोरची बाई कागदाकडं बघून बोलते, आणि तिथून उत्तरं आखडायला लागतात. म्हणजे चौघांच्या दोनच जोड्या. एका मुलाखतीला ४५ मिनिटं, शिवाय घर शोधणं, थांबणं, "थोड्या वेळानं या" हे सगळं धरून दीड तास. एका जोडीनं ३० घरं केली तर ४५ तास गेले. दोन जोड्या मिळून ६० घरं. उरलेल्या ७५ तासांत तयारी १०, घरयादी आणि नकाशा १४, चाचणीच्या मुलाखती ६, राहिलेल्या घरी परत जाणं ८, आकडे भरणं आणि तपासणं १२, कार्यालयांच्या फेऱ्या ९, अहवाल १२ आणि शेवटी वस्तीत जाऊन निष्कर्ष सांगणं ४. बरोबर १२० होतात. २०० प्रश्नावल्या याच वेळात बसवल्या तर मुलाखत दहा मिनिटांवर येते, आणि दहा मिनिटांत माणूस फक्त नाव, वय आणि रेशनकार्डाचा रंग सांगतो.

वस्ती निवडताना "झोपडपट्टी" म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवून घ्या. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याखाली घोषित झालेल्या वस्त्या वेगळ्या. २०११ च्या जनगणनेनं साधारण ६०-७० कुटुंबं किंवा ३०० लोकवस्ती अशी खालची मर्यादा धरली होती. राष्ट्रीय नमुना पाहणी २० घरांपासून झोपडपट्टी मोजते. त्यामुळं पंधरा-अठरा पालांची भटक्यांची वस्ती यातल्या कुठल्याच यादीत सापडत नाही, आणि बहुधा सगळ्यात जास्त गरज तिथंच असते. महापालिकेची यादी घ्या, पण यादीबाहेरचं काय राहिलं ते अहवालात लिहा.

आता घरयादी. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात आणि मग ओळखीच्या आशाताईंनी दाखवलेली घरं करून येतात. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका ज्यांच्याकडं नेतात ती त्यांच्याशी बरी वागणारी घरं असतात. कोपऱ्यातलं भाड्यानं राहणारं परप्रांतीय कुटुंब त्यात येत नाही. म्हणून आधी वस्ती पायी फिरून कागदावर नकाशा काढा: नळकोंडाळं, सार्वजनिक शौचालय, तालमीचा कट्टा, मंदिर, ट्रान्सफॉर्मर, नाला. मग ओळीनं घरं लिहा. एका दाराच्या आत दोन-तीन कुटुंबं असतात, तिथं "चुली किती?" हा एकच प्रश्न विचारा. सिलिंडर एकच, पण सासू-सून वेगळं शिजवतात, असंही असतं. वेगळं शिजतं तर ती वेगळी चूल, रेशनकार्ड एक असलं तरी.

दारावर खडूनं आकडे मात्र घालू नका. अतिक्रमणवाले खुणा करतात तशाच त्या दिसतात. तासाभरात वस्तीभर पाडकामाची बातमी होते आणि पुढचे आठ दिवस कुणी दार उघडत नाही. आकडे तुमच्या नकाशावर असू देत.

समजा २१० चुली निघाल्या आणि तुम्हाला ४० हव्यात. २१० भागिले ४० म्हणजे सव्वापाच, तर दर पाचवी चूल घ्या. १ ते ५ च्या चिठ्ठ्या टाकून सुरुवात ठरवा. चिठ्ठी ३ आली तर ३, ८, १३, १८ असं पुढे. ४२ घरं होतील, दोन-तीन नकार त्यातच खपतात. घर बंद असलं तर शेजारचं घ्यायचं नाही. दोन वेगळ्या वेळी परत जायचं. सकाळी अकराला दार बंद असणारं घर हे कामावर गेलेलं घर असतं. त्याच्याऐवजी शेजारचं उघडं घर घेत गेलात तर वहीत म्हातारी माणसं, आजारी आणि बेकार एवढेच जमा होतील आणि वस्ती आहे त्याहून गरीब दिसेल.

वेळेचं सांगायचं तर, धुणी-भांडी करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चारमध्ये घरी भेटतात. नळाला पाणी यायच्या वेळेला कुणाच्याही दारात उभं राहू नका. फौंड्रीत जाणाऱ्यांना पाळी आणि आठवडी सुट्टीचा वार विचारून गाठा.

पहिल्या दिवशी तालमीत किंवा मंडळात जाऊन कॉलेजचं पत्र दाखवा. कोल्हापुरात तालीम टाळून वस्तीत काम होत नाही. पण त्यांना सोबत घेऊन घरोघरी फिरू नका. मंडळाचा कार्यकर्ता शेजारी उभा असताना पाण्याबद्दल, गटारीबद्दल किंवा सावकाराबद्दल कोण खरं बोलणार?

आठवड्याचा_बाजार

उत्पन्नाचं एकच उत्तर का येतं ते समजून घ्या. लोक मुद्दाम खोटं बोलत नाहीत. शहरात अन्नसुरक्षा योजनेच्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. महिन्याला ४,९१७ झाले. घरातला एक माणूस महिनाभर कामावर गेला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळं दाखल्यावरचा आकडा हाच सांगायचा आकडा, हे प्रत्येक घराला पाठ आहे. फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला तोच सांगितला जातो. त्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात या योजनेची व्याप्ती ४५.३४ टक्के ठरली, ती २०११ च्या लोकसंख्येवर. इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थींची संख्या, भरला की नवीन कुटुंबाला जागा नाही. म्हणून नुसता रेशनकार्डाचा रंग घेऊन गरिबी मोजू नका. केशरी कार्डावर धान्य मिळणारे आणि न मिळणारे असे दोन्ही असतात. "मागच्या महिन्यात दुकानातून किती किलो आणलं आणि किती माणसांचं?" असं विचारा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो. उत्तरावरून आपोआप कळतं.

उत्पन्नाऐवजी काम विचारा. "मागच्या ७ दिवसांत किती हजेऱ्या भरल्या? हजेरी किती? उचल किती कापली?" तीन प्रश्नांत आठवड्याची कमाई येते. गवंडीकाम, सेंट्रिंग, हमाली करणाऱ्यांना याच भाषेत सांगता येतं. शिवाय "पावसाळ्यात आठवड्याला किती हजेऱ्या?" हा वेगळा प्रश्न ठेवा. तुमचं सत्र उन्हाळ्याकडं जातं, बांधकामं जोरात असतात, आणि जुलै-ऑगस्टमधलं रिकामपण तुमच्या वहीत येतच नाही.

खर्चासाठी सरकारी पाहणीची पद्धत थोडक्यात उचलता येते. भाजी, फळं, तेल, अंडी, मटण-मासे, मसाला, चहा-फराळ, पान-तंबाखू हे मागच्या ७ दिवसांचं. कपडे, चप्पल, शाळेची फी, दवाखान्यात दाखल झाल्याचा खर्च आणि टिकाऊ वस्तू मागच्या ३६५ दिवसांच्या. धान्य, डाळी, गॅस, वीजबिल, घरभाडं असं बाकीचं ३० दिवसांचं. सगळं महिन्यावर आणून माणशी भागायचं. वर्षाचं विचारताना "गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत" असं सणाला बांधून विचारलं की आठवतं. शाळेचा खर्च जूनला बांधा.

एक धोका. २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीत शहरी भारताचा माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये आला आणि ग्रामीण ४,१२२. तुमचा आकडा सरळ याच्याशेजारी ठेवून "वस्ती इतके टक्के मागे" असं लिहू नका. आदल्या वर्षीच्या २०२२-२३ च्या पाहणीतच ४०५ बाबी विचारल्या होत्या. तुमच्या फॉर्ममध्ये ३० असतील. बाबी कमी की बेरीज कमी, ही मोजमापाची तूट आहे, ती गरिबी समजू नका.

दारिद्र्यरेषाही दोन लावून बघा. २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं देशाच्या शहरी भागात माणशी महिना १,००० रुपये, रंगराजन समितीनं १,४०७. पाच माणसांच्या घराला ५,००० की ७,०३५, या फरकातच कितीतरी घरं आत-बाहेर होतात. महाराष्ट्राच्या शहरी ग्राहक किंमत निर्देशांकानं दोन्ही आजच्या किमतीवर आणा, पायाभूत वर्ष जुळतंय ना ते बघा, आणि दोन्ही निकाल छापा. एकच रेषा घेऊन "वस्तीत इतके टक्के गरीब" असं ठोकून देणं बरोबर नाही.

कर्जाचं "कर्ज आहे का?" असं विचारलं की "नाही". "आठवड्याला कुठं कुठं हप्ता जातो?" विचारलं की बचत गट, फायनान्सवाले, भिशी, दुकानाची उधारी, गहाण सोनं असं एकेक निघतं. हा प्रश्न घरातल्या बाईला, नवरा समोर नसताना. आणि हप्ता वसुलीचा वार असतो तो दिवस टाळा, तुम्हालाच वसुलीवाले समजतील.

सत्र_दोन_अर्थशास्त्र

खूप उपयोगी. ६० घरांचं वेळापत्रक मार्गदर्शकांना दाखवतो. आणखी दोन शंका. विषमतेसाठी गिनी गुणांक (० म्हणजे सगळे सारखे, १ म्हणजे सगळं एकाकडंच) काढा असं सांगितलंय, तो एका वस्तीच्या आकड्यांवर काढला तर चालेल का? आणि सुभाषनगरात घरी बसून चपलेचं काम करणाऱ्या बायकांची कमाई कशी मोजायची? त्यांना हजेरी नसते.

रस्त्याच्या_पलीकडं

एका वस्तीत गिनी काढता येईल, पण तो विषमतेबद्दल जवळपास काहीच सांगणार नाही. सगळे सारखेच अडचणीत असले तर गुणांक छोटा येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, बरं चाललंय.

रीत मात्र हातानं एकदा करून बघा, एक्सेलच्या आधी. पाच घरांची कमाई हजारांत चढत्या क्रमानं ६, ८, १०, १४, ३२. बेरीज ७०, सरासरी १४, मध्यक म्हणजे मधल्या घराची कमाई १०. इथंच दिसतं की पाचातली तीन घरं सरासरीच्या खाली आहेत. आता क्रमांक गुणिले कमाई: ६ + १६ + ३० + ५६ + १६० = २६८. दुप्पट ५३६. भागिले पाच गुणिले ७०, म्हणजे ३५०. आले १.५३. त्यातून घरांची संख्या अधिक एक भागिले घरांची संख्या, इथं सहा पंचमांश, म्हणजे १.२, वजा. उत्तर ०.३३. वरचं ३२ वालं घर मुलाखतीला नाही म्हणालं असतं तर उरलेल्या चारांचा गुणांक ०.१७ वर येतो. करून बघा. श्रीमंताचं एक दार बंद राहिलं की विषमता निम्मी झाल्यासारखी दिसते. त्यामुळं नकार कुठं मिळाले ते लिहिणं आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

म्हणून माझं मत, ६० पैकी ४० घरं वस्तीत आणि २० रस्त्याच्या पलीकडं. सदर बाजार-विचारे माळ आणि ताराबाई पार्क एकमेकांना लागून आहेत. अशी जोडी घ्या. गरिबीचा अभ्यास म्हणून आपण फक्त गरिबाच्या दारात जातो, आणि विषमतेची दुसरी बाजू न मोजताच अहवाल पुरा करतो. हे थांबायला हवं.

४० आणि २० एकत्र करून शहराचा गिनी मात्र काढू नका. हे प्रमाण तुम्ही ठरवलेलं आहे, शहराचं नाही.

पलीकडच्या घरात उत्पन्न विचारायला गेलात तर वॉचमनच परत पाठवेल. अपार्टमेंटच्या सेक्रेटरीला पत्र द्या आणि पाणी, कचरा, वाहनं, घरकामाला किती जणी आणि त्यांचे दर एवढंच विचारा. पाणी ही दोन्हीकडं सारखी मोजता येणारी गोष्ट आहे. घरात एका वेळी किती लिटर साठतं ते भांडी बघून लिहा. २०० लिटरचं एक बॅरल आणि १५ लिटरच्या चार घागरी म्हणजे २६० लिटर. पाच माणसांत माणशी ५२. बंगल्यात जमिनीखालची ५,००० ची टाकी आणि गच्चीवर १,०००, माणसं चार, तर माणशी १,५००. मलनिस्सारण असलेल्या शहरासाठी रोज माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरतात. धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद राहिली की एका घराला बातमी पेपरात कळते, दुसऱ्या घरातली बाई टँकरमागं पळते आणि त्या दिवसाचं काम बुडवते. बुडालेली हजेरी म्हणजे पाण्याची खरी किंमत. ती विचारा.

घरकामाचा दर दोन्ही बाजूंनी विचारा. भांडी, धुणं, फरशी, प्रत्येकाचा वेगळा. देणारी सांगते तो आणि घेणारी सांगते तो, यात फरक पडतो, कारण एकीच्या हिशोबात दिवाळीचा पगार आणि जुनी साडी धरलेली असते आणि दुसरीच्या हिशोबात खाडे कापलेले असतात. घरं जुळवून नावं शोधू नका, दोन गटांचे मध्यक शेजारी ठेवा.

चपलेचं आता. घरी बसून होणारं वेणीचं, शिलाईचं काम जोडीवर किंवा डझनावर असतं. त्याचा तासाचा दर काढा. हिशोबापुरते आकडे धरू: जोडीला ८ रुपये, दिवसात १२ जोड्या, ९६ रुपये. दोरा स्वतःचा असेल तर ६ वजा, ९० उरले. वेळ ५ तास, तर तासाला १८. पण ५ तास हे विचारून मिळत नाहीत. स्वयंपाक, पोरं, पाणी यांच्या मधेमधे काम चाललेलं असतं. एका जोडीला घड्याळ लावून बघा, त्यांची परवानगी घेऊन, तीन वेगवेगळ्या जोड्यांना. मग सरासरी घ्या. दोरा, मेण, सुई कुणाची, नापास जोडीचे पैसे कोण सोसतो, माल आणून कोण देतं, पैसे कधी मिळतात, हे चार प्रश्न सोडू नका. पावसाळ्यात चामडं लवकर वाळत नाही आणि गिऱ्हाईकही कमी, म्हणून हंगाम वेगळा विचारा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पण ते नावाचं संरक्षण आहे. वेणीच्या जोडीला काय द्यायचं ते त्यातून ठरत नाही. अहवालात हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळू देऊ नका.

अर्ज_पोच

कागदपत्रांच्या बाजूनं थोडं.

महापालिकेकडून वस्त्यांची यादी, सार्वजनिक शौचालयांची सीटसंख्या, नळजोडण्या हवं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. मुदत ३० दिवसांची. उशीर केला तर उत्तर येईपर्यंत सत्र संपतं. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. शौचालय आणि नळजोडणी एकाच अर्जात घातलं की तो अडकतो. अर्ज कॉलेजच्या नावानं नको, नागरिक म्हणून स्वतःच्या नावानं करा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. वस्ती कुठल्या विभागीय कार्यालयात येते तेही आधी बघा, नाहीतर एकीकडून दुसरीकडं पाठवण्यातच दोन फेऱ्या जातात.

फॉर्ममध्ये "कागद" नावाचा एक रकाना ठेवा. जागा कुणाच्या नावावर, प्रॉपर्टी कार्ड आहे का, वीजबिल कुणाच्या नावानं, जातीचा दाखला आहे का. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला शहरात अडीच लाख मिळत होते, दीड केंद्राचे आणि एक राज्याचा. पण जागा नावावर नसेल तर अर्जच होत नाही. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा गावोगाव फिरत होते त्यांनी १९६१ चा कागद कुठून आणायचा? मुलाची शिष्यवृत्ती त्या एका कागदावर अडलेली असते. जात स्वतः विचारायची ती शेवटी, आणि नाही सांगितली तर रकाना कोरा.

नदीकाठची किंवा नाल्याकाठची वस्ती घेतलीत तर २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे प्रश्न घाला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका पातळी. त्यांच्या घरात पाणी कितव्या फुटाला शिरतं ते लोकांना तोंडपाठ असतं. किती दिवस घराबाहेर, काय वाहून गेलं, पंचनामा झाला का, भाडेकरूला मदत मिळाली की घरमालकाला, हे विचारा.

आधार नंबर लिहून घ्यायचा नाही, कार्डाचा फोटोही नाही. नावांची यादी एका वहीत, उत्तरं दुसऱ्या फॉर्मवर, जोडणारा फक्त क्रमांक. सुरुवातीलाच तीन वाक्यं सांगा: आम्ही कॉलेजची मुलं आहोत, महापालिकेची नाही. यातून घरकुल किंवा कुठली योजना मिळणार नाही. नको वाटलं तर मधेच थांबा. दुसरं वाक्य सांगायला जीव कचरतो, पण ते गाळलं तर पुढची दोन वर्षं लोक तुमच्या यादीची वाट बघत बसतात.

जुना संदर्भ हवा असेल तर १९४० च्या दशकात गोखले संस्थेतर्फे एन. व्ही. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली होती, तीन खंडांत छापलेली आहे. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करा. तेव्हा कुटुंब कसं मोजलं, कोणते धंदे धरले ते बघून मग स्वतःची व्याख्या लिहा.

आणि रोज संध्याकाळी वस्ती सोडण्यापूर्वी दोन्ही जोड्यांनी फॉर्म बदलून वाचा. माणसं पाच आणि आठवड्याचं तेल पाव लिटर, किंवा हजेऱ्या ७ आणि "आजारी होतो", असं काही दिसलं तर त्याच दिवशी त्या घरी परत जाऊन विचारता येतं. आठवड्यानं एक्सेलमध्ये सापडलं तर त्या बाईलाही आठवत नाही.